थंडीत एकट्याने पळालेली शर्यत: तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
आज पहाटे शिवाजी पार्कला पोहोचले आणि अंगावर काटाच आला. कट्ट्यावरचे आजोबा चक्क कानटोपी घालून! मुंबईत असा गारवा क्वचितच, आणि तो लागताच पुण्याची हाफ मॅरेथॉन आठवली. जानेवारीतल्या मुंबईच्या फुल मॅरेथॉनची तयारी चालू होती, डिसेंबरात सरावाला एक शर्यत हवी होती. ग्रुपमध्ये कुणाच्या घरी लग्न, कुणाचा गुडघा दुखावलेला. शेवटी एकटीच गेले. सणस मैदानापाशी काळोखात उभी, बोटं इतकी बधिर की बिबच्या (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या) पिना एका अनोळखी बाईंनी लावून दिल्या. लेकाला सोडायला आल्या होत्या. "एकटीच आलीस? मग तुझ्यासाठी पण टाळ्या वाजवते," म्हणाल्या.

सुरुवातीला पाय उचलतच नव्हते. ग्रुपमध्ये कुणीतरी वेग धरून असतं, कुणाची तरी बडबड चालू असते. तिथे फक्त माझा श्वास आणि तोंडासमोर त्याची वाफ. सिंहगड रस्त्याला लागल्यावर अंग तापलं, आणि मग अशी लय लागली की पाणी कुठे घेतलं तेही आठवत नाही. मुंबईच्या दमट हवेत शेवटी जशी गळून जाते तशी तिथे गळले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा खात्री वाटली, फुलचे ४२.१९५ किलोमीटर जमतील, आणि सोबत कुणी नसलं तरी जमेल. लिहा ना तुम्हीही.

माहीमचा वारा
सणस मैदान म्हणजे समोर सारसबाग. शर्यतीनंतर अमृततुल्य चहा घेतलात की नाही ते आधी सांगा. बाकी नंतर लिहितो, लोकलमध्ये आहे, हात वर करायला जागा नाही.

रानजाई
घेतला हो! क्रीमरोलसकट.

सह्याद्रीवेडा
माझी लेहची. सप्टेंबर असला तरी पहाटे हात चोळतच उभं राहावं लागतं. उंची साधारण ११,५०० फूट, म्हणून बरंच आधी जाऊन राहिलो. आपण समुद्रसपाटीची माणसं, तिथे जिना चढतानाही धाप लागते. सिंधूवरचा पूल ओलांडताना मागे-पुढे कोणी नाही, पुढचा धावपटू पार लांब. मुंबईत असं होतच नाही, कुठेतरी ढोल, कुठेतरी "कम ऑन अंकल". शेवटी लेहकडे चढ लागतो, तिथे भलेभले चालतात. मीही चालत होतो. एका शाळकरी मुलीने "जुले" (तिकडचा नमस्कार) म्हणत हात पुढे केला, टाळी दिली आणि परत पळायला लागलो. जानेवारीत मुंबईला पेडर रोडचा चढ आला तेव्हा तीच मुलगी डोळ्यांसमोर होती. लेहच्या हवेचा पण फायदा झाला असणार.

मुलुंडचे काका
दादा, त्या हवेने रक्तात पडलेला फरक काही आठवड्यांतच ओसरतो, जानेवारीपर्यंत राहत नाही. मनाला मिळालेलं राहतं, आणि ते मोठं आहे.

नवीन मंडळींसाठी लिहून ठेवतो. थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातच असतो, कोरड्या हवेत लगेच सुकतो म्हणून कळत नाही. लघवीला मात्र सारखं होतं, कारण हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त आत सरकतं आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकतात. तेव्हा शौचालयाच्या रांगेत आधीच उभे राहा. सुरुवातीला जुना शर्ट अंगावर असू द्या. संपल्यावर ओला बनियन आधी बदला, फोटो नंतर. आणि रानजाई, पुण्याची वेळ बघून मुंबईचं गणित मांडू नकोस हं. गार हवेत शरीराला स्वतःला थंड ठेवायचं काम कमी पडतं म्हणून वेळ चांगली येते. मुंबईत शेवटचे दहा किलोमीटर उन्हात असतात.

रानजाई
लक्षात ठेवते काका. सुरुवात मुद्दाम सावकाशच करणार आहे.

निळी छत्री
सगळे थंडीचं कौतुक करताय, पण आमच्या चेंबूरला थंडी म्हणजे धूर. वारा पडला की सगळं खालीच कोंडून राहतं. लाँग रनच्या आधी मी एक्यूआय (हवा किती खराब आहे तो आकडा) बघते, वाईट असेल तर ट्रेडमिल. आईला दमा आहे, त्यामुळे ह्या बाबतीत मी ऐकत नाही कुणाचं.

माहीमचा वारा
चेंबूरला कुठे? आमची आत्या तिथेच, तिचीही तीच तक्रार. काळजी घ्या दोघी.

संत्र्याची फोड
मी पळत नाही, चालेल ना इथे लिहिलेलं? आमचं घर पेडर रोडला. दर जानेवारीत सोसायटीतल्या बायका संत्र्याच्या फोडींना मीठ लावून आणि चिक्की घेऊन उभ्या राहतो. एकटे पळणारे बरोबर ओळखू येतात, नजर रस्त्यावर खिळलेली. मी बिबवरचं नाव वाचून जोरात हाक मारते. दचकून वर बघतात आणि काय हसतात म्हणून सांगू! ताई, यंदा डाव्या हाताला बघा, मी पिवळ्या साडीत असेन.

रानजाई
नक्की! माझ्यासाठी जास्त मिठाची ठेवा. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

सह्याद्रीवेडा
माझ्यासाठी पण. चिक्की शेंगदाण्याची ना?

निळी छत्री
शर्यतीच्या दिवशी सीएसएमटीला पहाटे कसे पोहोचता सगळे? माझी पहिलीच वेळ, एकटीच आहे.

मुलुंडचे काका
त्या रविवारी पहाटे खास लोकल सोडतात. वेळापत्रक आलं की इथे टाकतो. कुर्ल्याला चढ, बायकांच्या डब्यात आमच्या ग्रुपच्या मुली असतील, त्यांना सांगून ठेवतो.