टॉप-अपचा फ्लोट स्विच अडकतो; ऑप्टिकल सेन्सर घ्यावा का?

खारंपाणी: एकूण २०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय). संपच्या (खालच्या जोडटाकीच्या) रिटर्न कप्प्यात, जिथून पाणी वर परत जातं, एकच फ्लोट स्विच (तरंगत्या गोळ्यावर चालणारा); त्यावर टॉप-अपचा, म्हणजे वाफ होऊन घटलेलं पाणी भरणारा, १२ व्होल्टचा पंप. स्विच अधूनमधून खालीच अडकतो आणि पंप चालूच राहतो. ऑप्टिकल (प्रकाशाने पाणी ओळखणारा) जास्त भरवशाचा का?

प्रवाळ: दोन्ही बिघडतात, कारणं वेगळी. फ्लोटच्या दांड्यावर मीठ आणि कॅल्शियम बसतं, गोगलगायी चढतात. ऑप्टिकलच्या टोकाला बुडबुडे चिकटले, शेवाळ चढलं किंवा थेट उजेड पडला की तो फसतो. टोक दर महिन्याला पुसा. फ्लोट अर्ध्या व्हिनेगर-अर्ध्या पाण्यात तासभर भिजवून धुवा.

भरती: पंप थेट स्विचवर असेल तर आधी ते बदला! पंप बंद होताना ठिणगी पडून आतले रीड संपर्क (चुंबकाने जुळणाऱ्या पातळ पट्ट्या) चिकटतात. मग फ्लोट वर येऊनही उपयोग नाही. मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घाला. रिलेच्या कॉइलला आणि पंपाला १एन४००७ डायोड (बंद होतानाचा उलटा झटका जिरवायला), पट्टीची बाजू प्लसकडे.

प्रवाळ: शिवाय ३ सेमी वर दुसरा स्विच, पहिल्याशी सिरीजमध्ये, म्हणजे कोणताही एक बंद झाला की पंप थांबतो. टॉप-अपच्या आरओ (गाळलेल्या गोड्या) पाण्याची टाकी लहानच ठेवा: २० लिटर जादा गेलं तर क्षारता ३५ वरून ३२ पीपीटीपर्यंत (हजार भागांत इतके भाग मीठ) उतरते. नळीचं तोंड पाण्याच्या वर हवं, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफन (नळीतून पाणी आपोआप ओढलं जाणं) चालू राहतो. हे फार जण विसरतात.

खारंपाणी: दुसरा ऑप्टिकल चालेल?

भरती: उलट करा. खाली ऑप्टिकल, वर फ्लोट. वरचा क्वचितच भिजतो, म्हणून महिन्यातून एकदा हाताने उचलून पंप थांबतो का बघा.