मदत हवी आहे: सुट्या किट-पार्ट्समधून १/३५ ची चांद्र खाणगाडी, ड्रिपचे तुकडे चिकटत नाहीत, बॉडीचे पत्रे आत ओढले जातात

बागवान_३५ (मोर्शी तालुका)

नमस्कार मंडळी. चंद्रावरच्या खाणीत चालेल अशी सहा चाकांची मालवाहू गाडी करतोय. डिझाइन पूर्ण काल्पनिक, स्केल १/३५. बॉडी १८० मिमी लांब, ८० रुंद, ४५ उंच; खऱ्या मापात साधारण ६.३ × २.८ × १.६ मीटर. चाकं ३२ मिमीची धरली आहेत.

हाताशी सामान असं: टी-३४ रणगाड्याच्या अर्धवट किटमधली चाकं, टूलबॉक्स, फेंडर, एक्झॉस्ट पाइप. १/७२ जेट विमानाच्या चार ड्रॉप टँक (पंखाखाली लटकणाऱ्या जादा इंधनटाक्या) आणि लँडिंग गियर. सीडीच्या जुन्या डब्या भरपूर. फ्लेक्सवाल्याकडचे ३ मिमी सनबोर्डचे तुकडे. आणि बागेतलं जुनं ड्रिपचं सामान: ड्रिपर, जॉइनर, मायक्रोट्यूब. ड्रिपर अगदी थ्रस्टरच्या व्हॉल्वसारखे दिसतात, ते वापरायचेच आहेत.

अडचणी: ड्रिपर झटपट गोंदाने बसतो, पण नखाने ढकलला की गोंदाच्या पापुद्र्यासकट निघतो. घासूनही फरक नाही. सीडीच्या डब्यांचे पत्रे एनसी थिनरने जोडून पेटी बंद केली की काही दिवसांनी बाजू आत ओढल्या जातात. गोंदाच्या आजूबाजूला पांढरट डाग पडतात. रंग अजून मारायचा आहे. एअरब्रश नाही, इथे गाडीच्या स्प्रेचे डबे मिळतात, ते चालतील का? शिवाय वेगवेगळ्या किटचे तुकडे शेजारी ठेवले की एक मशीन न दिसता भंगार दिसतं. त्यावर उपाय सांगा.

तिफन

भाऊ, ड्रिपचं सामान काहून चिकटवून राहिले? ते पॉलिइथिलीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, त्याले साधा कोणताच गोंद धरत नाही. गोंद बदलून उपयोग नाही, आधी प्लास्टिक ओळखा.

दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात २०० मिली पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवून. तुकडा साबणाने धुऊन बुडवा, बुडबुडे झटका. साध्या पाण्यात तरंगला तर पीई किंवा पीपी. साध्या पाण्यात बुडला पण मिठाच्या पाण्यात वर आला तर बहुतेक पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, म्हणजे थिनरने विरघळून जुळणारा. मिठाच्या पाण्यातही तळाशी गेला तर पीव्हीसी किंवा ॲसिटल. बाटल्यांची झाकणं, सिरिंजची नळी, जत्रेतल्या गाड्यांच्या बॉड्या बहुतेक पहिल्या गटात निघतात.

फवारणी पंपाचे जुने नोझल दिसायले झकास असतात, पण ते घेऊ नका. आतल्या चकत्यांत औषध बसलेलं असते आणि तुम्ही त्यालेच घासून बारीक धूळ करणार.

स्प्रूशास्त्री

तिफन यांनी मूळ सांगितलं, मी जोडांचं सांगतो.

ऑनलाइन ड्रिपरला (नळीला बाहेरून टोचून बसवतात तो) लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपच्या नळीत, घुसणारी काटेरी दांडी असते. तीच तुमची पकड. बॉडीला भोक पाडा, दांडीच्या सगळ्यात जाड भागापेक्षा किंचित लहान, आणि ड्रिपर बाहेरून दाबून बसवा. आतून दांडीभोवती अॅरल्डाइटचा (दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद) गोळा द्या. गोंद ड्रिपरला चिकटणार नाहीच, पण काट्याच्या खाचेत अडकून खुंटीचं काम करेल. दांडी नसलेल्या जॉइनरला मागून १ मिमीचं भोक पाडून तांब्याची तार घाला, तारेचं टोक आत वाकवा. ड्रिल हाताने फिरवा. मशीनच्या वेगाने भोकाच्या कडा वितळतात आणि भोक मोठं होतं.

सीडीच्या डबीत दोन वेगळी प्लास्टिकं आहेत. पारदर्शक झाकण कडक पॉलिस्टायरीनचं, भोक पाडताना तडकतं. आतला काळा किंवा करडा ट्रे थोडा चिवट, भोकं पाडायची ती त्यात. झाकण कापताना कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने पाच-सहा हलके ओरखडे द्या आणि टेबलाच्या कडेवर मोडा. चष्मा घाला, कपच्या उडतात.

पत्रे आत ओढले जातात त्याचं कारण थिनर. जोडाच्या फटीत ते जास्त भरलं की वाफ बंद पेटीत कोंडते, आतला पृष्ठभाग दिवसेंदिवस मऊ राहतो आणि सुकताना आकसतो. तीन गोष्टी करा. तळाला, दिसणार नाही तिथे, ३ मिमीची दोन भोकं ठेवा. आत दर ४० मिमीवर आडवा पडदा द्या. १८० मिमीला चार पुरतात. आणि पत्रे आधी कोरडे जुळवून मग बारीक ब्रशने जोडाच्या रेषेवर एकदाच थेंब फिरवा, तो आपोआप फटीत ओढला जातो. ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की पृष्ठभागाचा चिखल होतो. जोड तासाभरात हाताळण्याजोगा होतो, पण घासायला किमान एक दिवस थांबा.

मॉडेलचा पातळ सिमेंट मागवता आला तर उत्तम. त्यात ॲसिटोनसोबत ब्युटाइल ॲसिटेट असतं, ते हळू उडतं, म्हणून जोड नीट भिजतो. नुसतं ॲसिटोन मे महिन्यात ब्रशवरच उडून जातं. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे क्लोरोफॉर्म वापरतात, तेही पॉलिस्टायरीन जोडतं, पण यकृताला घातक आहे. घरात आणूच नका.

आणखी एक: सीडीची डबी साधारण १४२ × १२५ मिमी. तुमची बॉडी १८०. म्हणजे बाजूच्या पत्र्याला मधे जोड येणारच. तो लपवण्यापेक्षा गाडीच दोन भागांत करा: पुढे ६० मिमीची केबिन, मागे १२० मिमीचा सांगाडा, मधे सांधा. खडबडीत जमिनीवरच्या गाडीला सांधा शोभतोही.

बागवान_३५

दोन भागांचं पटलं, तसंच करतो. पाण्याची परीक्षा घेतली. ड्रिपर, जॉइनर तरंगले. टी-३४ चे तुकडे आणि सीडीचे ट्रे मिठाच्या पाण्यात वर आले. पण सनबोर्डसुद्धा साध्या पाण्यात तरंगतो, मग तोही पीपी समजायचा का? आणि विजेच्या वायरचे तुकडे पाइप म्हणून लावले तर चालतील ना?

तिफन

नाही, सनबोर्ड फेसाळ पीव्हीसी आहे. आत हवेचे फुगे, म्हणून तरंगते. ही परीक्षा भरीव तुकड्यालेच लागू. थर्माकोलचंही तेच: जात पॉलिस्टायरीनची, पण फेस. त्यावर थिनर किंवा फेविक्विक टाकलं तर खड्डा पडते.

स्प्रूशास्त्री

सनबोर्ड आतले पडदे म्हणून वापरा, बाहेरची कातडी ट्रेची. दोघांमधला जोड थिनरने भरवशाचा होत नाही. दोन्ही बाजू २२० च्या पेपरने खरवडून अॅरल्डाइट. सनबोर्डची कापलेली कड बाहेर येत असेल तर फुगे उघडे दिसतात, तिथे पातळ गोंद जिरवून घासा.

प्लास्टिकच्या आवरणाची वायर पॉलिस्टायरीनला टेकवू नका. मऊ पीव्हीसीत तेलासारखा प्लास्टिसायझर असतो, तो काही महिन्यांत पाझरून खालचं पॉलिस्टायरीन चिकट करतो. जुन्या मॉडेलांची मऊ टायर रिम खातात ती यामुळेच. मोटर वाइंडिंगच्या दुकानात एनॅमलची तांब्याची तार मिळते. १८ गेज म्हणजे १.२ मिमी, १/३५ मध्ये साधारण ४३ मिमीचा पाइप. २० गेज ०.९ मिमी, म्हणजे ३२ मिमीचा, रेलिंगला बरोबर. सबमर्सिबलची वरून प्लास्टिक गुंडाळलेली तार मात्र नको.

घुग्घुसकर

भंगार दिसण्याचं कारण प्लास्टिक नाही, स्केल. डोळा पहिल्यांदा शिडी, दार, रेलिंग बघतो आणि त्यावरून गाडी किती मोठी ते ठरवतो. ही तीन मापं चुकली की बाकी काहीही करा. १/३५ ला उभा माणूस ५० मिमी. दार ५५ ते ५७. रेलिंग ३० ते ३१. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर ८.५ मिमी. १/७२ विमानाची शिडी किंवा हॅच लावलीत तर गाडी लगेच दुप्पट मोठी वाटेल आणि शेजारचा टी-३४ चा टूलबॉक्स खोटा पडेल. विमानातून फक्त माप न सांगणारे तुकडे घ्या: टाक्या, स्ट्रट, गोल झाकणं. लँडिंग गियरचे पाय सस्पेन्शनच्या हायड्रॉलिकला चपखल बसतील.

वणी-घुग्घुसच्या ओपनकास्ट खाणींतले डंपर नीट बघा. केबिन मधोमध नसून एका बाजूला, पुढून तिरपी जाणारी शिडी, केबिनवर येणारं डाल्याचं छत. प्रत्येक सिलिंडरला कुठून तरी होज येतो आणि कुठेतरी जातो. तुमच्याही गाडीत प्रत्येक पाइप कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते ठरवा. हवेत संपणारा पाइप म्हणजे नुसती सजावट.

एक्झॉस्ट मात्र लावू नका. चंद्रावर हवा नाही. डिझेल इंजिन नाही, हवा खेचणारी जाळी नाही, पंख्याचा रेडिएटर नाही. उष्णता बाहेर टाकायला सपाट रेडिएटर पॅनेल लागतील, तेही उभे किंवा वर तोंड करून. बॅटरीचे खोके, केबलचे गठ्ठे, गोल दाबटाक्या. इथे ड्रॉप टँक कामी येतात, फक्त पंख छाटा आणि टोकं कापून अर्धगोल करा, नाहीतर कोणीही विमान ओळखेल.

तुकडे सगळीकडे सारखे पसरू नका. सांध्याजवळ, चाकांच्या वर आणि मागच्या तोंडावर गर्दी करा. केबिनच्या बाजू जवळजवळ सपाट सोडा, दोन-तीन रेषा पुरे. ओळखीचा तुकडा उलटा, अर्धा कापून किंवा दुसऱ्याच्या आड बसवा. चिकटवण्याआधी सगळं मऊ मेणावर किंवा दुहेरी टेपवर तात्पुरतं लावून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंगांचा गोंधळ गेला की कुठे जास्त झालं ते लगेच दिसतं.

खुरपं_आणि_कटर

पांढऱ्या डागांबद्दल. झटपट गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, तो हवेतल्या ओलाव्याने पकडतो. त्याची वाफ ओलसर हवेत आजूबाजूला बसली की पांढरी बुरशी दिसते. कूलर चालू असलेल्या खोलीत हे हमखास होणार. आणि कूलर बंद करून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत काम केलं तर उलटं, गोंद पकडायला वेळ लावतो. म्हणून कमी गोंद, सुईच्या टोकाने, आणि वर सुक्या खोलीतली मोकळी हवा. खाण्याचा सोडा टाकून तो क्षणात दगड करता येतो, फटी भरायला छान. पण लगेच घासा, दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पेपर शेजारचं प्लास्टिकच खातो.

स्प्रूशास्त्री

सोड्याशी माझं जमत नाही. पत्र्यांच्या फटींना स्प्रूची (किटचे तुकडे ज्या चौकटीला जोडलेले येतात ती) लापशी बरी: नेलपॉलिशची काचेची बाटली थिनरने धुऊन घ्या, तिसरा हिस्सा स्प्रूचे बारीक तुकडे भरा, वर थिनर, रात्रभर ठेवा. झाकणाचा ब्रशच कामाला येतो. पातळ थर द्या आणि प्रत्येक थर सुकू द्या. जाड थर आतून मऊ राहतो आणि मग खळगा पडतो. घासायला ४००, ८००, १२००, शेवटचे दोन पाण्यासोबत.

खुरपं_आणि_कटर

मान्य, पण ती पॉलिस्टायरीनच्याच जोडाला. ड्रिपर आणि सनबोर्डच्या कडेला ती धरणार नाही, तिथे एमसील.

रंगाचं: गाडीच्या स्प्रेतलं थिनर उघडं पॉलिस्टायरीन खातं, पारदर्शक झाकणावर तर बारीक चिरा पडतात. तरी वापरता येतो. २५ ते ३० सेंटीमीटरवरून नुसता फवारा बसेल असे तीन-चार कोरडे हात, मधे दहा मिनिटं. पहिल्या दोन हातांत खालचं प्लास्टिक दिसलं पाहिजे. चकाकी आली म्हणजे जास्त झालं. आधी फेकायच्या तुकड्यावर बघा. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातला मारा. दुपारच्या ४४-४५ अंशांत थेंब हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट पांढुरका पडतो. मोकळ्यावर मारा, वाऱ्याच्या आणि कूलरच्या झोतात नको.

ड्रिपरवर साधा प्रायमर नखाने सोलून निघेल. गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्यांकडे प्लास्टिक प्रायमर असतो, तो आधी. त्याआधी भांडी घासायच्या साबणाने धुणं आणि ४०० चा पेपर. सगळ्या गाडीवर एकसारखा करडा प्रायमर बसला की अर्धा भंगारपणा तिथेच जातो, उरलेला घुग्घुसकरांच्या मापांनी.

तयार मॉडेल टिनाच्या छपराखाली वरच्या फळीवर ठेवू नका. पॉलिस्टायरीन मऊ पडायला ९०-१०० अंश लागतात, पण लांब, ताणात बसवलेले तुकडे त्याच्या बरेच आधी वाकायला लागतात.

बागवान_३५

आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. टी-३४ ची चाकं २४ मिमीच्या आसपास भरतात, मला ३२ हवीत. आणि धूळ कशाची करू? बागेतली काळी माती चाळून ठेवली आहे.

घुग्घुसकर

काळी माती नको, सुकल्यावर तपकिरी दिसते. गिट्टीच्या क्रशरवरची डस्ट घ्या. तुमच्या भागातली गिट्टी बेसाल्टची आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, रंग आपोआप जवळ येतो. ओढणीतून चाळा, १ मिमीचा कण म्हणजे या स्केलवर ३५ मिमीचा खडा, तो चाकावर चिकटलेला हास्यास्पद दिसेल. चाळताना मास्क लावा. धूळ मॅट वार्निशच्या ओल्या हातावर टाकून झटका, फक्त चाकांवर आणि खालच्या तिसऱ्या भागात.

चाकांना शेतीचा ३२ मिमी पीव्हीसी पाइप. ते माप बाहेरच्या व्यासाचं असतं, म्हणजे नेमकं तुमचंच. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कडा जुळवा, त्या रेषेवर हॅकसॉने १४ मिमीच्या सहा चकत्या कापा, म्हणजे काप तिरका जात नाही. आत टी-३४ ची चकती अॅरल्डाइटने, भोवतालची फट ट्रेच्या पट्टीने भरून. चकतीचं तोंड उघडं ठेवू नका, रणगाडा लगेच ओळखू येतो. वर १८ मिमीचं सपाट झाकण लावा. बाहेरून चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी, १०१ मिमी लांब पट्टी. १९७१ च्या अपोलो रोव्हरची चाकं जस्त चढवलेल्या स्टील तारेच्या जाळीची होती, वर टायटॅनियमच्या व्ही आकाराच्या पट्ट्या. त्या पट्ट्या कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्यातून कापा. जाळीवर प्रायमर बसताच स्ट्रॉने फुंकर मारून भोकं मोकळी करा, सुकल्यावर ती उघडत नाहीत.