अनुभव धागा : तुमच्या स्पेकमधला आकडा कुठून आला?

नाशिकच्या अंबड-सातपूर-सिन्नर कारखानापट्ट्यातल्या मंडळींनो, डिझाइनच्या पहिल्या पानावर 'मजबूत', 'स्मूथ', 'हलकं' असले शब्द असतात. त्यांचा मोजता येणारा आकडा, म्हणजे स्पेक, करताना काय घडलं ते लिहा. चुकलं असेल तर आधी ते लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही द्राक्षबागेसाठी ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं मशीन, करत होतो. दिंडोरीकडच्या बागायतदार काकांचं एकच म्हणणं, "औषध घडाच्या आत गेलं पाहिजे." मी स्पेकमध्ये पंपाचे लिटर आणि प्रेशरचे बार लिहिले. आकडे चोख, पण ते आमच्या मशीनचे. काकांच्या मागणीचा त्यात एकही नव्हता. मग पाण्याने निळा पडणारा पिवळा कागद आणला. त्याच्या पट्ट्या पानांवर, पानांखाली आणि घडांच्या आत लावल्या, टाकीत नुसतं पाणी भरलं आणि ट्रॅक्टर एकदा फिरवला. बाहेरच्या पट्ट्या निळ्याशार, थेंबाला थेंब चिकटलेला. घडातल्या पिवळ्याच. काका एक पट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

स्पर्शजन्य (जिथे पडेल तिथेच काम करणाऱ्या) बुरशीनाशकाला चौरस सेंटिमीटरमागे 50 ते 70 थेंब धरतात. आता आमच्या स्पेकमध्ये थेंब आहेत, पट्टी कुठे लावायची ते आहे, ट्रॅक्टरचा वेगही आहे. आणि बाग पानांनी भरलेली हवी. छाटणीनंतर लगेच चाचणी घेतली तर कुठलाही ब्लोअर पास होतो.

सातपूर, इन्स्पेक्शन

शाफ्टवर ऑइल सील बसतं त्या जागेला आमच्या ड्रॉइंगवर फक्त 'स्मूथ फिनिश' होतं. मी नख फिरवून पास करायचो, रात्रपाळीवाला त्याच्या नखाने. तेल गळतंय म्हणून माल परत आला. मग आर-ए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं सरासरी माप) 0.2 ते 0.8 मायक्रॉन लिहिलं, ते मोजणारा टेस्टर घेतला. रीडिंग 0.4, तरी गळती! आठवडाभर झोप नव्हती. शेवटी ग्राइंडिंगच्या जुन्या दादांनी शाफ्टला हलकं तेल लावलं, वरून दोरा टाकला, त्याला छोटं वजन बांधलं आणि शाफ्ट सावकाश फिरवला. दोरा हळूहळू एका बाजूला सरकला. उलटा फिरवला, तर दुसऱ्या बाजूला. ग्राइंडिंगच्या बारीक रेघा आट्यांसारख्या तिरक्या पडल्या होत्या, त्याच तेल बाहेर ओढत होत्या. टेस्टरला खडबडीतपणा कळतो, रेघांचा तिरकेपणा नाही. आता ड्रॉइंगवर आर-एसोबत 'प्लंज ग्राइंडिंग (चाक शाफ्टच्या लांबीत न सरकवता सरळ आत), दोरा सरकता कामा नये' असं आहे, दोऱ्याचं वजन आणि शाफ्टच्या आरपीएमसकट.

अंबड, इलेक्ट्रिक पॅनेल

'वॉटरप्रूफ'च्या जागी आयपी65 (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहा, वाद मिटतो : चाचणीत 6.3 मिमीचा नोझल, मिनिटाला 12.5 लिटर पाणी. आमचा पास झालेला बॉक्स मात्र इगतपुरीच्या पावसाळ्यात आतून ओला निघाला. आतल्या दमट हवेचं रात्रीच्या गारव्यात पाणी झालं होतं. ते आम्ही मोजलंच नव्हतं.

सिन्नर, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

कांदा प्रतवारीचं मशीन करतोय. लासलगावचे एक व्यापारी म्हणाले, "गोल्टी (बारीक कांदा) वेगळी पडली पाहिजे." किती मिलिमीटरची? "बघितलं की कळतं." मग त्यांनाच एक क्रेट हाताने निवडायला लावला आणि एकेक कांदा व्हर्नियरने मोजला. दोन्ही ढिगांत काही कांदे सारख्याच मापाचे निघाले. म्हणून जाळीचं भोक ठरवण्याआधी विचारलं, चूक किती चालेल? "शंभरात पाच." आमचा पहिला स्पेक तोच. आता कांदा किती उंचीवरून पडला की दबतो ते शोधतोय. मार दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे मोजायचं कधी हेच ठरत नाहीये. कुणी केलं असेल तर सांगा.