सहा-सात जणांची गाडी घ्यायचीय: सफारी, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन की हायक्रॉस?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. हॅचबॅक आता खरंच पुरत नाही, मोठी गाडी घ्यायचीय आणि डोकं पार गरगरलंय. घरात सहा जण, मी, बायको, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा, आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, बाबा चांगले सहा फूट. राहतो पुण्यात धायरीला, गाव देवरूखजवळ, म्हणजे कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा हा नेहमीचा रस्ता. गणपती, शिमगा आणि मे महिना ठरलेला, ताई आली की सात होतो. येताना तांदूळ, कोकम, आंब्याच्या पेट्या, सामान कधीच कमी नसतं. ऑफिस बाणेरला पण आठवड्यातून दोन-तीन दिवसच, बाकी घरून काम. वर्षाला बारा हजार किमीच्या आसपास होईल. बजेट ऑनरोड पंचवीस ते अठ्ठावीस, अगदीच पटलं तर थोडं ताणू. ईव्ही सध्या नको, सोसायटीत चार्जरच्या परवानगीचं घोंगडं भिजत पडलंय.
बाबांना सफारी हवीय कारण त्यांच्या डोक्यात ती जुनी दणकट सफारी आहे. बायकोला ७०० आवडलीय. मित्र म्हणतो स्कॉर्पिओ एन घे आणि विसर. साडू म्हणतो टोयोटाशिवाय काही बघूच नको, म्हणजे इनोव्हा हायक्रॉस. व्हिडिओ बघावेत तर सगळे स्क्रीन किती इंची आणि सनरूफ कुठपर्यंत उघडतं तेवढंच सांगतात, सात जण बसल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या ते कोणीच सांगत नाही. ज्यांनी वापरल्यात त्यांनी प्लीज लिहा.

घाटवाट:
आधी बाबांचं सांगतो. १९९८ ला आली ती सफारी लॅडर फ्रेमवर (बॉडीखाली वेगळी चेसिस) होती, २०२१ ला परत आलेली सफारी पूर्ण वेगळी गाडी आहे, मोनोकॉक (बॉडी आणि चेसिस एकच), लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून बनवलेल्या ओमेगा आर्कवरची, आणि तिच्यात फोर बाय फोर नाही, फक्त पुढची चाकं ओढतात. वाईट अजिबात नाही, उलट हायवेला दगडासारखी बसते, पण जुन्या सफारीच्या आठवणीवर बुकिंग करू नका, बाबांना नवीनमध्ये बसवून फिरवून आणा.
इंजिनचं म्हणाल तर ७०० चं २.२ डिझेल १८५ पीएसचं, ऑटोमॅटिकला ४५० एनएम टॉर्क. सफारीचं २.० डिझेल १७० पीएस आणि ३५० एनएम. कागदावर फरक मोठा दिसतो, पण आंबा घाट सात जणांना घेऊन चढायला दोन्ही पुरून उरतात, ७०० ओव्हरटेकला जास्त मोकळी वाटते एवढंच. ७०० च्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये वरच्या मॉडेलला ऑल व्हील ड्राइव्हही मिळतो, तुम्हाला त्याची गरज मला तरी दिसत नाही.
माझा खरा मुद्दा डिझेलचा आहे. बीएस ६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, काजळी त्यात साठते आणि एक्झॉस्ट चांगला तापला की जळून जाते. धायरी ते बाणेर म्हणजे ट्रॅफिकमध्ये रखडत जाणं, इंजिन धड तापतच नाही. आमच्याकडे डिझेल सात सीटर आहे, कंपनीचं नाव राहू दे, त्यात पावसाळ्यात सलग शहरातच फिरवली की डीपीएफचा दिवा लागतो, मग मी सकाळी लवकर बायपासला घेऊन जातो, एक गिअर खाली ठेवून दोन हजार आरपीएमच्या वर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवतो, दिवा जातो. त्रास नाही म्हणता येत पण सवय लावून घ्यावी लागते. तुमचा महिन्यातून एकदा तरी हायवे होत असेल तर डिझेल बिनधास्त घ्या.

रत्नांग्री_०८:
अहो कोकणातल्या माणसाने स्कॉर्पिओ एन सोडून बाकी बघायचंच कशाला. मी चालवतो. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कातळ आणि चिखल, मागची चाकं ढकलतात त्यामुळे लोड भरल्यावर चढावर पकड मिळते, आणि डिझेलला फोर बाय फोर पण आहे. उंच बसायला मिळतं, घाटात वळणापलीकडचं दिसतं. मजबुतीचा प्रश्नच नाही.
पण एक प्रामाणिकपणे सांगतो, आईंचे गुडघे दुखतात म्हणालात ना, तिथे विचार करा. लॅडर फ्रेममध्ये खाली अख्खी चेसिस आणि तिच्यावर बॉडी, म्हणून फ्लोअर उंच येतो, चढताना पाय वर टाकावा लागतो, साइड स्टेप लावली तरी आमच्या आईला हात द्यावा लागतोच. आणि तिसरी रो मोठ्या माणसाची नाहीच, मांड्या हवेत राहतात. आम्ही चौघंच म्हणून मागची सीट कायम दुमडलेली, सगळी जागा सामानाला. तुम्ही सहा म्हणजे हिशोब वेगळा.

मधलीओळ:
मी गाडी घेताना हा सगळा घोळ घातलाय, दोन मुलं आणि सासूबाई धरून, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही कंपनी आधी निवडताय, त्याआधी कोण कुठे बसणार ते कागदावर काढा.
चार वर्षांचा मुलगा चाइल्ड सीटमध्ये असणार (असायलाच हवा, मांडीवर घेऊन घाट उतरू नका प्लीज), आणि ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक मधल्या रोच्या कडेच्या दोन सीटनाच असतात. म्हणजे मधली एक सीट गेली. बाबा उंच, ते पुढे. तुम्ही स्टिअरिंगवर. आता जर तुम्ही सहा सीटर कॅप्टन सीटवाली (मधे दोन वेगळ्या खुर्च्या) घेतलीत, जी शोरूममध्ये सगळ्यात भारी दिसते, तर मधे आई आणि मुलगा बसले की तुमच्या मिसेस आणि मुलगी थेट तिसऱ्या रोमध्ये, दोन्ही सीट भरल्या, सामानाला जागा शून्य. सफारी काय, ७०० काय, तिन्ही रो उभ्या असताना मागे दोन-तीन बॅकपॅकच मावतात.
त्याऐवजी सात सीटर बेंचवाली घ्या. मधे आई, मिसेस आणि मुलगा, मागे एकटी मुलगी, आणि तिच्या शेजारची अर्धी सीट दुमडून तिथे बॅगा आणि पेट्या. सफारी आणि ७०० दोन्हीत मागची रो ५०:५० दुमडते म्हणून हे जमतं, स्कॉर्पिओ एनची मागची सीट एकसंध आहे, तिथे नाही जमत. बॅगा बांधायला जाळी किंवा पट्टा नक्की घ्या, ब्रेक मारल्यावर सगळं मुलीच्या अंगावर यायला नको. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. मागे जायला मधली जी सीट पुढे उलटते ती डाव्या बाजूची, फुटपाथच्या बाजूची. तिथे चाइल्ड सीट लावली की ती उलटवता येत नाही आणि मागचा रस्ता बंद. म्हणून चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे. शोरूमला जाताना तुमची चाइल्ड सीट घेऊन जा, खरंच लावून बघा. मधे तिघं बसल्यावर बकल हाताला लागतं का, मधल्या सीटचा बेल्ट तीन पॉइंटचा आहे का, स्वतः ओढून बघा.
क्रॅश टेस्टमध्ये पण नुसते पाच स्टार बघू नका, लहान मुलांचे स्टार वेगळे असतात. सफारीला ग्लोबल एनकॅपमध्ये २०२३ ला मोठ्यांचे पाच आणि मुलांचे पण पाच मिळाले, त्याच वर्षी भारत एनकॅपमध्येही दोन्ही पाच. ७०० ला २०२१ ला मोठ्यांचे पाच, मुलांचे चार, आणि ती जुन्या पद्धतीची टेस्ट होती, २०२२ पासून नियम कडक झाले. स्कॉर्पिओ एनला मोठ्यांचे पाच पण मुलांचे तीन. तुमची दोन्ही मुलं मागेच बसणार आहेत, माझ्यासाठी तरी हे स्क्रीनपेक्षा फार मोठं आहे.

हायब्रिड_काका:
साडू चुकीचे नाहीत हो. हायक्रॉस एसयूव्ही म्हणायची की नाही यावर लोक भांडत बसतात, तुमच्या कामाला नाव लागत नाही, जागा लागते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिमी, ७०० चा २७५०, सफारीचा २७४१. ते दहा सेंटिमीटर सगळे मागच्या माणसाला मिळतात. सातही सीट उभ्या ठेवून ३०० लिटर डिकी उरते. तिसऱ्या रोमध्ये मोठा माणूस सुद्धा कोल्हापूरपर्यंत न कुरकुरता बसतो. फ्लोअर खाली असल्यामुळे आमची ही न धरता चढते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असून. भारत एनकॅपला २०२५ मध्ये पाच स्टार आले, मुलांचे पण पाच. कंपनी लिटरला २३.२४ सांगते, आम्हाला मिक्स वापरात सतरा मिळतं, आणि ट्रॅफिकमध्ये उलट बरं मिळतं कारण रखडताना बॅटरीवर चालते, म्हणजे तुमचा धायरी बाणेर. डीपीएफ वगैरे भानगड नाही.
फुल लोडमध्ये मागून थोडी बसते, गावातले स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. आणि किंमत. हायब्रिड वरच्या मॉडेलला ऑनरोड तीसच्या बरीच पुढे जाते, तुमचं बजेट ताणून पण तुटेल.

आकडेमोड:
किमतीचा विषय निघालाय तर वर्षाचा खर्च मांडतो. पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा. बारा हजार किमी, डिझेल लिटरला १२ दिलं तर हजार लिटर, म्हणजे ९० हजार. ७०० चं टर्बो पेट्रोल (२०० पीएस, चालवायला मस्त) शहर धरून ९ दिलं तर १३३३ लिटर, जवळपास १ लाख ३९ हजार. हायब्रिड १७ ने ७०६ लिटर, साधारण ७३ हजार. म्हणजे डिझेलपेक्षा हायब्रिड वर्षाला १७ हजार वाचवते, आणि गाडीच्या किमतीतला फरक पाच-सहा लाख. नुसत्या तेलावर ते कधीच वसूल होत नाहीत, जागेसाठी आणि आईंच्या गुडघ्यांसाठी घ्यायची असेल तर घ्या, मायलेजसाठी नको. टर्बो पेट्रोल मात्र वर्षाला ४९ हजार जास्त खाते.
आरटीओ टॅक्स महाराष्ट्रात वीस लाखांच्या वर पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. बावीस लाखांच्या गाडीवर फरक ४४ हजार, म्हणजे डिझेलने एका वर्षात भरून काढला. कंपनीच्या नावावर घेऊ नका, तिथे टॅक्स २० टक्के. टीसीएस (विकताना घेतला जाणारा आगाऊ इन्कम टॅक्स) एक टक्का कापतील तो रिटर्नमध्ये परत मिळतो, सीएला सांगा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० झालाय, हायब्रिडवर ४३ चा ४०. म्हणून डिझेलवाल्या जास्त उतरल्या, हायक्रॉस तेवढी नाही. जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका.

घाटवाट:
अजून एक राहिलं, पार्किंग. सफारी आरशांशिवाय १९२२ मिमी रुंद, स्कॉर्पिओ एन १९१७, ७०० १८९०, हायक्रॉस १८५०. सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग असेल तर पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा, बरीचशी सेडानच्या हिशोबाने बनवलीत आणि या गाड्या पावणेदोन टनांच्या आसपास आहेत.

धायरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मधलीओळ ताईंचे. आम्ही सगळे शोरूमला गेलो, चाइल्ड सीट घेऊन. स्कॉर्पिओ एनमध्ये आईला चढायला त्रास झाला, ती यादीतून गेली. कॅप्टन सीट बघून बायको खूश झाली होती पण सगळे आपापल्या जागी बसल्यावर तीच म्हणाली की बेंचच हवा. पार्किंग स्टिल्टचंच आहे, मोजलं, सफारी बसते पण शेजारच्यांचं दार जपून उघडावं लागेल. हायक्रॉसमध्ये आई सगळ्यात आरामात बसली हे खरं, पण एवढं कर्ज वाढवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.
आता ७०० डिझेल ऑटोमॅटिक सात सीटर आणि सफारी डिझेल ऑटोमॅटिक सात सीटर, दोनच उरल्यात. मन सफारीकडे झुकतंय, मुलांच्या स्टारमुळे आणि मागच्या रोमध्ये मुलीला जास्त मोकळं वाटलं म्हणून. बाबा काही बोलत नाहीत पण चेहरा दिसतोय. डीलर म्हणतो डिसेंबरमध्ये डिलिव्हरी घेतली तर डिस्काउंट वाढवून देतो. घ्यावी का थांबावं?

आकडेमोड:
गाडी वापरून सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर घ्या, चार वर्षांत विकणार असाल तर डिस्काउंट किती ते बघून ठरवा, कारण विकताना बनवल्याचं वर्ष बघतात. पैसे भरण्याआधी चेसिस नंबर मागा, त्यावरून बनवल्याचा महिना कळतो, तो डीलरकडून लेखी घ्या. उन्हापावसात महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तर टायर आणि बॅटरी तपासून घ्या. इन्शुरन्सचं कोटेशन बाहेरून पण काढा, डीलरचा आकडा त्याच्याशी ताडून बघितलात की लगेच खाली येतो.

मधलीओळ:
आणि डिलिव्हरीच्या दिवशी चाइल्ड सीट बरोबर न्या, मुलाला त्यातच बसवून घरी आणा, पहिल्या दिवसापासून सवय लागते.