सीलबंद कॉम्प्रेसरमधलं तेल साइटवर काढायचं कुठून?

प्रश्न: मिरजेत एका बेकरीचा डीप फ्रीझर आहे, गॅस आर-१३४ए. आधीच्या मिस्त्रीनं मिनरल तेल ओतलंय, ते या गॅसला चालत नाही, काढून पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम तेल) भरायचंय. कॉम्प्रेसरला ड्रेन बोल्टच नाही. काय करू?

उत्तर: दादा, सीलबंद डब्याला तो नसतोच. गॅस रिकव्हर करा (हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्या), कॉम्प्रेसर सोडवून बाहेर काढा आणि सक्शनच्या (गॅस आत ओढणाऱ्या) नळीकडे तिरका करा. डिस्चार्जमधून (गॅस बाहेर ढकलणाऱ्या नळीतून) तेल येणार नाही, ती नळी सिलिंडर हेडला जाते. सक्शन मात्र डब्यातच उघडतो. मी मापाच्या जारमध्ये काढतो. घाई केली की मुरलेला गॅस सुटून फेस येतो, माप चुकतं. धार थेंबांवर आली तरी दहा मिनिटं तसाच धरून ठेवतो. थोडं तळाशी राहतंच, म्हणून नवीन पीओई थोडं घालून, हलवून तेही बाहेर काढा. काळं, नाकाला झोंबणारं निघालं तर मोटर जळालीय. ते उघड्या हातांनी धरू नका, आम्ल असतं.

दुसरं उत्तर: पीओईचा डबा उघडा ठेवू नका, हवेतला ओलावा लगेच शोषतो. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) बदलाच. आणि कधी आर-६००ए (पेट घेणारा गॅस) असेल तर ज्योतीचा टॉर्च लांब! पाइप कटरनंच कापा, नायट्रोजन मारल्याशिवाय ब्रेझिंग (ज्योतीनं नळ्या जोडणं) नको.

प्रश्नकर्ता: सक्शनमधून ३१० मिली निघालं, पिवळसर, वास नाही. उद्या पीओई भरतो.