मदत हवी आहे: पुंटा काना, ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट, मेअखेर, सोबत शाकाहारी आईबाबा

सांगलीकर_जर्सीत:
नमस्कार मंडळी. मेमोरियल डेचा लाँग वीकेंड धरून पाच रात्री डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंटा कानाला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आईबाबा. नेवार्कहून थेट विमान आहे. आईबाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. माझं एच-वनचं (नोकरीच्या व्हिसाचं) एक्स्टेन्शन मार्चमध्ये मंजूर झालं, आईबाबा बी-टूवर (पर्यटक व्हिसावर) आहेत, मुलीचा पासपोर्ट अमेरिकन.
१. बावारो, कॅप काना, उवेरो आल्तो की बायाहिबे? फोटोत सगळे किनारे सारखेच दिसतात.
२. शाकाहारी माणसाचं पाच दिवस पोट भरेल का?
३. ‘सगळं धरून’ म्हणजे नक्की काय काय धरून?
४. व्हिसा लागतो का?
रविवारपर्यंत बुकिंग केलं तर सूट आहे, म्हणून जरा घाई.

भरती_ओहोटी:
चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका. एक्स्टेन्शन मंजूर झालं म्हणजे आय-७९७ (मंजुरीचा कागद) आला. तुमच्या आणि पत्नीच्या पासपोर्टातला व्हिसा स्टॅम्प अजून चालू आहे का? तारीख बघून सांगा.
आईबाबांचं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर एरवी डॉमिनिकन व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. टूरिस्ट कार्डाचे १० डॉलर विमानाच्या तिकिटातच धरलेले असतात, कुणी वेगळे मागितले तर देऊ नका. त्यांचा बी-टू मल्टिपल एन्ट्री आहे ना, ते तपासा. आणि परत येताना नवे सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका. शेजारच्या बेटावरून आठवडाभरात परतलेल्या पाहुण्याला आधीच्या आय-९४ ची (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीच्या नोंदीची) उरलेली मुदतच मिळू शकते. त्यांच्या भारतात परतायच्या तारखेला ती पुरते का, हे आत्ताच बघा.

निळी_छत्री:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्याचं तोंड कुठे आहे यावर ठरतं, बाकी सगळं नंतर. बावारो, कॅप काना, उवेरो आल्तो हे तिन्ही पूर्वेकडे, उघड्या अटलांटिककडे बघतात. व्यापारी वारे थेट अंगावर येतात. बावारोसमोर प्रवाळाची रांग आहे, ती लाटा बरीच अडवते. उवेरो आल्तोला पाणी खवळलेलं असतं आणि लाल बावटा वारंवार लागतो, पाच वर्षांच्या मुलीसाठी ती जागा घेऊ नका. बायाहिबे दक्षिण किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्राच्या बाजूला आहे. तिथे पाणी शांत आणि उथळ, आणि सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, जो पूर्वेच्या किनाऱ्यांवरून दिसत नाही. फक्त विमानतळापासून बावारो २०-३० मिनिटं आणि बायाहिबे सुमारे तासभर.
मे महिन्यात याहून मोठा प्रश्न सारगॅसमचा. हे तपकिरी, द्राक्षासारखे छोटे फुगे असलेलं तरंगतं शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे तयार होतात आणि साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर पूर्वेच्या किनाऱ्यांवर येऊन थडकतात, मे ते ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त. ताजं असेपर्यंत नुसतं पायाला गुंडाळतं. वाळूवर दोन दिवस पडून कुजायला लागलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यांचा वास. दमा असलेल्यांनी तिथे थांबू नये. रिसॉर्टवाले समुद्रात तरंगते अडसर बांधतात आणि पहाटे ट्रॅक्टरने वाळू साफ करतात, पण वारा फिरला की दुपारपर्यंत पुन्हा पट्टा तयार. बायाहिबेला हा त्रास बराच कमी.
रिसॉर्टच्या स्वतःच्या फोटोंवरून काहीच कळत नाही. रिव्ह्यू ‘सर्वांत नवे आधी’ असे लावा आणि पाहुण्यांनी गेल्या सात दिवसांत टाकलेले किनाऱ्याचे फोटो बघा. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा उपग्रहावरून दर महिन्याला सारगॅसमचं पत्रक काढते, तेही बघा. तुमच्या घरच्यांसाठी मी बायाहिबेच म्हणेन.
गुडघ्यांबद्दल: ही रिसॉर्ट अवाढव्य असतात, खोलीपासून बुफेपर्यंत दहा मिनिटं चालणं सहज होतं. बऱ्याच ठिकाणी तीन मजली इमारती आणि लिफ्ट नाही. बुकिंग झाल्यावर रिसॉर्टला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: तळमजला, लॉबी आणि बुफेच्या जवळची इमारत, आणि बाथटब नसलेला सरळ आत जाता येणारा शॉवर. टबाची कड ओलांडणं आणि ओली संगमरवरी फरशी, ज्येष्ठ लोक घसरतात ते तिथेच. आत फिरायला बॅटरीची गाडी असते, तिच्या वेळा विचारून घ्या.

शेवगा:
जेवणाबद्दल आईबाबांना निर्धास्त करा, पण कुठे काय लपलेलं असतं ते माहीत हवं.
‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ एवढं सांगून भागत नाही. तिथे ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्कर येतं. कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणावं लागतं.
बुफेत रोज ‘हाबिचुएलास’ असतात, म्हणजे रसातला राजमा. दिसायला अगदी आपला. पण फोडणीत कधी बेकन किंवा सलामीचे तुकडे पडतात. डाव खालपर्यंत घालून तळ बघा, तुकडे खाली बसलेले असतात. दिसले नाहीत तरी वाढणाऱ्याला विचारा, कारण कोंबडीच्या अर्काचा क्यूब डोळ्यांना दिसत नाही. ‘मोरो दे ग्वांदुलेस’ हा भात बघाल. ग्वांदुल म्हणजे आपली तूर. ओल्या तुरीच्या दाण्यांचा मसालेभातच म्हणा, नारळाच्या दुधातला मिळाला तर फारच छान. त्यातही क्यूबची चौकशी करायचीच.
बिनधास्त खाण्यासारखं: ‘आरोस ब्लांको’ म्हणजे साधा पांढरा भात, अव्होकाडो, उकडलेली ‘युका’, आणि ‘कासाबे’ नावाची कडक पातळ भाकरी. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्याच कंदाची ती असते. नाश्त्याला ‘मांगू’, म्हणजे उकडून घोटलेली कच्ची केळी, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. सोबतची सलामी आणि अंडं नको म्हणून सांगा, तळलेलं चीज ठेवा. ‘तोस्तोनेस’ हे कच्च्या केळ्याचे चपटे काप, पण कढई बहुतेक माशांची आणि कोंबडीचीच असते. ते चालत नसेल तर तळलेलं सगळंच वगळा. गोडात फ्लानमध्ये अंडं आणि जेलीत जिलेटिन. फळं मुबलक: ‘लेचोसा’ म्हणजे पपई, ‘चिनोला’ म्हणजे पॅशन फ्रूट.
बुकिंगआधी रिसॉर्टच्या वेडिंग विभागाला विचारा, तुमच्याकडे भारतीय लग्नं होतात का. पुंटा कानात ती बरीच होतात आणि अशा ठिकाणी डाळ-रोटी करू शकणारा स्वयंपाकी असण्याची शक्यता जास्त. मात्र त्याच तारखांना मोठं लग्न नाही ना, हेही विचारा. नाहीतर रात्री दोनपर्यंत ढोल.
बरोबर मेतकूट न्या. पांढरा भात, बटरची वडी आणि मेतकूट, आईबाबांचं एक वेळचं जेवण तिथेच झालं. खाकरा, चिवडा बंद पाकिटातला न्या. ताजी फळं-भाज्या नेऊ नका. वीज ११० व्होल्ट आणि प्लग अमेरिकेसारखाच, त्यामुळे घरची छोटी किटली चालेल. भारतातून आणलेली २३० व्होल्टची मात्र नाही. नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. रिसॉर्टमधला बर्फ शुद्ध पाण्याचा असतो, त्याची धास्ती नको.

पिशवीभर_वाळू:
तिसरा प्रश्न. धरलेलं: खोली, सगळी जेवणं, साधी दारू, कयाक-पॅडलबोर्डसारखे बिनइंजिनाचे खेळ, किड्स क्लब, संध्याकाळचे कार्यक्रम. न धरलेलं: स्पा, जेट स्की, पॅरासेलिंग, लॉब्स्टर, महागड्या वाइन, सहली, फोटोग्राफर, कपडे धुणं आणि डॉक्टर. शेवटचं लक्षात ठेवा. रिसॉर्टमधला डॉक्टर तिथल्या तिथे कार्ड मागतो. आईबाबांसाठी घेतलेला व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेरच्या सहलीला लागू आहे का, ते पॉलिसीत वाचा. पुष्कळ पॉलिसींत नसतो किंवा थोडेच दिवस असतो.
दर दिसतो तो माणशी, आणि खोलीत दोघं धरून. पाच जण एका खोलीत बहुतेक ठिकाणी बसत नाहीत, दोन खोल्याच घ्याव्या लागतील. मागताना ‘कनेक्टिंग’ असा शब्द वापरा, ज्यात मधलं दार असतं. ‘अडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारी. आणि ‘अडल्ट्स ओन्ली’ नाही ना, हे नीट बघा, एकाच नावाच्या दोन शेजारच्या रिसॉर्टांतलं एक तसं असू शकतं.
चेक-इन झालं की कुणीतरी हसतमुखाने ‘उद्या सकाळी स्वागताची बैठक, नाश्ता आणि स्पाचं कूपन’ असं सांगेल. ती टाइमशेअरची (वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरत्या खोलीच्या हक्काची) विक्री असते. दीड तास म्हणतात, अर्धा दिवस जातो. ‘नो, ग्रासियास’ म्हणून पुढे चला. मनगटावरचा पट्टा आणि खोलीची चावी मिळाली की त्या टेबलाशी तुमचं काही काम उरत नाही.
आ-ला-कार्ट रेस्टॉरंटना रात्री पुरुषांना लांब पँट आणि बंद बूट लागतात, बाबांना आधीच सांगा. टेबल राखावं लागत असेल तर पहिल्याच दुपारी राखा.
टिप सक्तीची नाही, पण पगार तुटपुंजे असतात, म्हणून एक-एक डॉलरच्या ५०-६० नोटा घेऊन जा. खोली आवरणाऱ्यांना रोज २ ते ५, बॅगेला १-२, बारवर फेरीला १. अमेरिकन नाणी देऊ नका, त्यांना ती बँकेत बदलून मिळत नाहीत.

सांगलीकर_जर्सीत:
किती सविस्तर सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. @भरती_ओहोटी, आत्ता पासपोर्ट काढून बघितले. माझा स्टॅम्प गेल्या ऑक्टोबरमध्ये संपलाय, बायकोचा एच-फोरचाही (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). पण आय-७९७ आणि आय-९४ दोन्ही चालू आहेत. ‘ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन’वर (संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत) ३० दिवसांच्या आत परत येता येतं ना? ऑफिसमधला एक जण असाच जाऊन आलाय.

भरती_ओहोटी:
पुंटा कानाहून येता येत नाही. ही सवलत एच-वन आणि एच-फोरला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना शेजारची कॅरिबियन बेटंही चालतात (क्यूबा सोडून), आणि नेमकी इथेच लोकांची गल्लत होते. तुमचे सहकारी बहुधा एफ-वनवर असताना गेले असतील. शिवाय जातानाच अडचण आहे: डॉमिनिकन व्हिसा माफ आहे तो अमेरिकेचा *चालू* व्हिसा असेल तरच. म्हणजे नेवार्कच्या काउंटरवरच बोर्डिंग पास मिळणार नाही. मिळाला तर ते जास्त वाईट, कारण मग स्टॅम्पिंग होईपर्यंत तुम्ही दोघं बाहेर आणि मुलगी, आईबाबा तुमच्याबरोबर अडकलेले.
मेक्सिकोतल्या कॅनकूनचा विचार मनात येईल. परतीला रीव्हॅलिडेशन चालेल, पण मेक्सिकोत शिरायलाही अमेरिकेचा चालू व्हिसा लागतो. तो नाही, तर मेक्सिकोच्या वकिलातीतून त्यांचा व्हिसा आधी काढावा लागेल. मेअखेरपर्यंत अपॉइंटमेंट मिळते का ते बघा. तिथे असताना अमेरिकन व्हिसासाठी अर्ज करायचा नाही, केला की सवलत गेली.
मेमध्येच जायचं असेल तर प्वेर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्स. दोन्ही अमेरिकेचाच भाग, स्टॅम्पचा प्रश्न येत नाही. ऑल-इन्क्लुझिव्ह प्रकार तिथे फारच कमी, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलंत तर आईबाबांच्या जेवणाचं उलट सोपं. व्हर्जिन आयलंड्सहून परतताना सीबीपीची (अमेरिकी सीमा अधिकाऱ्यांची) तपासणी असते, तेव्हा पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ची प्रत जवळ ठेवा.

सांगलीकर_जर्सीत:
बापरे, रविवारी पैसे भरणारच होतो. मेमध्ये प्वेर्तो रिको बघतो. डिसेंबरमध्ये भारतात जातोच आहोत, तेव्हा दोघांचं स्टॅम्पिंग करून फेब्रुवारीत पुंटा काना केलं तर? आईबाबाही आमच्याबरोबरच परत येणार आहेत.

निळी_छत्री:
फेब्रुवारी तर उत्तमच. कोरडा हंगाम, सारगॅसम सहसा नसतं, चक्रीवादळांचा काळ (१ जून ते ३० नोव्हेंबर) लांब. जानेवारी ते मार्च सामाना उपसागरात हंपबॅक देवमासे येतात. दर मात्र मेपेक्षा चढे असतील. साओना बेटाची बोट बायाहिबेहूनच सुटते. आईला स्पीडबोटीचे धक्के नकोत, जाताना-येताना दोन्ही वेळा कॅटमरान (दोन सांगाड्यांची संथ बोट) असलेली सहल विचारून घ्या.
ऊन कमी लेखू नका. पुंटा काना आणि पुणे एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठरा. वारा गार लागतो म्हणून चटका कळत नाही. मुलीला पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घाला, नुसत्या क्रीमवर भागत नाही.

पिशवीभर_वाळू:
तेव्हा निघण्याआधी डॉमिनिकन सरकारच्या साइटवर ई-तिकीट फॉर्म भरा, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही. फुकट असतो आणि कुटुंबाला एक पुरतो. पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवा, विमानतळावरच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

शेवगा:
आईबाबांच्या खिशात ठेवायला ही चिठ्ठी. सोबत रोमन लिपीतही छापून घ्या, वाढणाऱ्याला दाखवता येईल:
‘सोमोस वेहेतारियानोस. नो कोमेमोस कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि मारिस्कोस, नि हामोन, नि उएवो, नि काल्दो दे पोयो. लेचे इ केसो, सि.’
अर्थ: आम्ही शाकाहारी. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले, हॅम, अंडं, कोंबडीचं पाणी, यातलं काही खात नाही. दूध आणि चीज चालतं. पहिल्या दिवशी बुफेच्या मुख्य आचाऱ्याला गर्दी नसताना, साधारण दुपारी चारच्या सुमारास दाखवा. जेवणाच्या ऐन वेळी तो थांबू शकत नाही.