तुमचा लाडका माजोरडा खेळाडू कोण? (अनुभव धागा)

शंकरपाळे
ऑफिसात वर्षअखेरीचा फॉर्म आलाय. स्वतःच्या कामाला पाचपैकी किती गुण द्याल? हात सवयीने तीनवर गेला आणि एकदम स्वीडनचा फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच आठवला. त्याने पाच लिहून वर जागा कमी पडली म्हणून तक्रार केली असती.

आमच्याकडे 92 टक्के पडले तरी पाहुण्यांसमोर "ठीक गेले पेपर" म्हणायचं, अशी शिकवण. आणि हा गडी लॉस एंजेलिसला खेळायला गेला तेव्हा तिथल्या पेपरात पानभर जाहिरात. मजकूर एवढाच, की प्रिय लॉस एंजेलिस, आभार कसले त्यात! मला असं एकदा तरी बोलायचंय हो.

नोव्हेंबर 2012. मी बारावीत, नागपूरच्या धरमपेठेतलं जुनं घर. स्वीडन-इंग्लंड मॅच, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. दुलईत लॅपटॉप, कानात हेडफोन, अडकत अडकत चालणारी लिंक. अर्ध्या वेळेला इंग्लंड 2-1 पुढे. मग याने सुरुवात केली. शेवटचा गोल तर... गोलकीपर पुढे धावत येऊन डोक्याने चेंडू परतवतो, आणि हा गोलकडे पाठ करून हवेत आडवा होतो, पाय डोक्याच्या वर, चेंडू तिसेक यार्डांवरून थेट जाळ्यात. 4-2. चारही गोल याचेच.

मी किंचाळले. आजीला वाटलं चोर शिरला. बाबा मच्छरदाणीची काठी घेऊन आले. स्क्रीनवर उघडा माणूस पळतोय. "शर्ट काऊन काढला यानं?" रिप्ले दाखवला. "पुन्हा लाव." तिसऱ्यांदा पाहून "लय माज आहे" म्हणाले आणि झोपायला गेले. अभ्यासाबद्दल चकार शब्द नाही.

सकाळी चहाला विचारतात, "तुझा तो माजोरडा पुन्हा कधी आहे?"

तुमचेही सांगा. फुटबॉलच हवा असं नाही.

कूलरचं_पाणी
हाहा मच्छरदाणीची काठी 😂 आमच्या बाबांचं हत्यार म्हणजे पडद्याचा रॉड

एक_एप्रिल
झ्लाटानची लॉस एंजेलिसमधली पहिली मॅच कोणी लाइव्ह पाहिली का? 31 मार्च 2018, आपल्याकडे तारीख बदललेली. त्याचा तिथला क्लब गॅलेक्सी 0-3 ने मागे होता, हा 71व्या मिनिटाला आला तेव्हा 1-3. सहा मिनिटांत चाळीसेक यार्डांवरून असा हाणला की 3-3, आणि भरपाईच्या वेळेत हेडर, 4-3. मी रात्री अडीचला मित्राला मेसेज टाकला. त्याचं उत्तर सकाळी, "एप्रिल फूल दुसऱ्याला बनव बे." दिवसभर विश्वास ठेवला नाही त्याने. मी तरी काय बोलणार, खोटंच वाटत होतं.

तर्री_जास्त
गुणी आहे मान्य. पण चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा? ती जिंकायची म्हणून 2009 मध्ये इटलीतला इंटर क्लब सोडून स्पेनच्या बार्सिलोनाला गेला. 2010 मध्ये इंटर जिंकली, तीही सेमीफायनलला बार्सालाच हरवून. मग बार्सा सोडली, तर 2011 मध्ये बार्सा जिंकली. ह्याले म्हणतात पायगुण 😂

शंकरपाळे
@तर्री_जास्त जखमेवर तिखट टाकू नका

कामठीवाला_गोलकी
मी कामठीचा. आमच्याकडे पोट्टे क्रिकेटआधी फुटबॉल शिकतात, नागपूरवाल्यांले हे सांगून सांगून थकलो.

आमच्या टीममध्ये एक होता, नाव नाही सांगत, आता त्याची नातवंडं वाचतील. डिफेन्सला मागे येनंच नाही. "मी कायले पळू, बॉल माह्याकडे येईल ना." पेनल्टी मिळाली की आधी बाउंडरीकडे पाहायचा, माणसं किती. कमी वाटली तर लेस बांधत बसायचा. खरंच! पानठेल्यावरचे लोक उठून येईपर्यंत लेस. मग मारायचा, अन् चुकायचा नाही कधी.

मी गोलकीपर, मले त्याचा लय राग यायचा. एकदा त्याच्यामुळे तीन गोल खाल्ले, हाफटाइमले म्हणतो, "तू तीन खा, मी चार करतो." केले ना बे चार. मंग काय बोलाचं?

आता त्याचं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात माह्या गाडीचा ट्यूब बदलला, पैसे घेतले नाही. म्हणे, तुह्यासारखा गोलकीपर होता म्हणून मले चार करावे लागले.

रिमझिम२२
@कामठीवाला_गोलकी हे वाचून भाजी करपली माझी. पण काय लिहिलंत!

सायकल_कीक
मी चारेक वर्षं कोपनहेगनला, पूल ओलांडला की स्वीडनमधलं माल्मो, झ्लाटानचं गाव. स्टेडियमबाहेर ऑक्टोबर 2019 मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. उघडा, हात पसरलेले, अजून काय. पुढच्याच महिन्यात याने माल्मोच्या प्रतिस्पर्धी, स्टॉकहोमच्या हॅमर्बी क्लबात हिस्सा घेतला, आणि गाववाले असे पेटले की आधी पुतळ्याचं नाक कापलं, मग जानेवारीत घोट्यातून करवत चालवून आडवाच केला. मी बघायला गेलो तर पुतळा गायब. परदेशात जाऊन बिनपुतळ्याच्या जागेसोबत सेल्फी काढणारा मी पहिला नागपूरकर असेन.

कूलरचं_पाणी
नाक कापलं म्हणजे शब्दशः 😳

वर्धा_रोड_काका
तुम्ही पोरं झ्लाटान झ्लाटान करता. 22 जून 1986, रात्री साडेअकरा, शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर वर्ल्ड कप, अर्जेंटिनाचा मॅराडोना. आम्ही चौदा जण अन् एक टेबलफॅन. हाताने मारलेला गोल आम्हालाही हेडरच वाटला होता. चार मिनिटांनी दुसरा, निम्म्याहून जास्त मैदान एकट्याने कापत. शेजारच्या काकूंनी त्या आनंदात सगळ्यांना पन्हं दिलं. दुसऱ्या दिवशी हाताचं कळलं तर म्हणाल्या, परत करा माझं पन्हं.

रिमझिम२२
काकूंना साष्टांग 🙏
माझा लेक गोल केला की रोनाल्डोसारखी उडी मारून हात मागे करतो. गोल कुठे? हॉलमध्ये. तुळशीची कुंडी झाली, ट्यूबलाइट झाली, आता टीव्हीचा नंबर दिसतोय.

तर्री_जास्त
@रिमझिम२२ बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) टीव्हीसमोर लावायची ॲक्रेलिक शीट मिळते, मी घेतली आहे. भाजी कोणती होती?

रिमझिम२२
मेथी 😭

एक_एप्रिल
विषयावर येतो. जून 2023, मिलानमधला झ्लाटानचा खेळातून निरोप. समोरच्या व्हेरोना टीमचे प्रेक्षक हुर्यो उडवत होते आणि हा माइकवर म्हणाला की उडवा, मला बघायला मिळालं हाच तुमच्या वर्षातला सगळ्यात मोठा क्षण आहे. डोळ्यांत पाणी अन् तोंडात हे! 41 वर्षांचा होता. मी इकडे रडू की हसू.

शंकरपाळे
तो व्हिडिओ मी बाबांना पाठवला होता. त्यांनी फक्त "शेवटपर्यंत सुधरला नाही" लिहिलं. आणि तो स्टेटसला ठेवला.

कामठीवाला_गोलकी
मंग फॉर्ममध्ये किती लिहिले शेवटी?

शंकरपाळे
तीन. खोडून चार केले होते, मग परत तीन 🙈

वर्धा_रोड_काका
अगं!

कूलरचं_पाणी
@तर्री_जास्त ती शीट बर्डीवर नेमकी कुठे? मोदी नंबर दोन गल्लीत का? आमच्याकडे पण एक रोनाल्डो आहे.

तर्री_जास्त
तीनमध्ये. भाव करा, पहिल्यांदा दुप्पट सांगतो.